तीन पुड्या

फेब्रुवारी संपत आलाय. पाटाला अजून पाणी सोडलेलं नाही.
चिरचिकच्या बाजारात मुखब्बत डब्यांमागे बसलेली,
बी मोजते चहाच्या पेल्याने,
वर्तमानपत्राच्या पुडीत बांधते, वर नाव लिहीत नाही.
'लक्षात राहील ना, वेरा?'
सदुसष्ट वर्षांची मी. राहील, म्हणते.

डच पाकिटं वेगळी टांगलेली, चकचकीत,
चित्रातली गाजरं सगळी एका आईची.
'नांत' बोथट टोकाचं, दाताखाली पाणी सुटणारं,
नातवंडांना कच्चं खायला बरं,
पण मीठ लागलं की रडत बसतं.
'शांतने' ठेंगणं, खांद्यांत रुंद,
आमच्या चिकट मातीशी भांडून जागा करून घेईल.
पण किसणीवर त्याचे तुकडे पडतात बोटाएवढे
आणि मला हवा वीतभर धागा.

वीतभर का, ते मुखब्बत विचारत नाही.

आईला आगगाडीतून उतरवलं तेव्हा ती सहा वर्षांची.
भोवती लव्हाळ्याचं रान, थंडी तोंडावर,
आणि ज्या कोबीवाचून आजीला हिवाळा मोजता येत नव्हता
तो इथे कुणी पाहिलेलाही नव्हता.
होतं ते गाजर.
मग गाजरालाच कोबीचं मानपान केलं:
मीठ, व्हिनेगर, लाल तिखट, कुटलेले धणे, लसूण,
वरून, कांदा करपेपर्यंत तापलेलं तेल.
किमची म्हणायला आजीची जीभ धजावली नाही.
नुसतं 'गाजर' म्हणायची, शेवटपर्यंत.
सुरीने कापायची, आणि धागा तुटला
की तुटलेला बाजूला, सूपात.
पाहुण्यासमोर अख्खाच.

उदिलजान शेजारी. त्याचं म्हणणं, पिवळं लाव.
पिवळ्या गाजराशिवाय पुलाव
म्हणजे नवरदेवाशिवाय वरात.
त्याच्या घरात किसणी दिसली
तर त्याचे वडील ताटावरून उठायचे.
मागे एकदा त्याचंच पिवळं मी आमच्या पद्धतीने केलं.
चव चांगली, रंग कावीळ झाल्यासारखा.
त्याने दोन वाट्या खाल्ल्या,
मिशा पुसल्या आणि म्हणाला, हे गाजर नाही.

परवा अन्सानहून स्वेताचा फोन.
'इथे कोबीचे ढीग लागलेत, आई, डोंगराएवढे.
पण कारखान्यात डबा उघडला तर बायका विचारतात,
हे कुठल्या देशाचं?
म्हटलं, आपलंच.
हसल्या. वाईट नाही हसल्या.'
मग जरा थांबून:
'इथलं गाजर जाड आहे, आतला दांडा कडक.
तुझ्याकडचं बी मिळेल का?'
बाल्कनीत दोन कुंड्या आहेत तिच्या. दोनच.

म्हणून मुखब्बतला तिसरा डबा उघडायला लावला,
तिच्या मेहुण्याच्या शेतातलं, बिननावाचं:
लांब, लाल, दांडा पेन्सिलीच्या शिशाएवढा.
त्याचे दोन पेले.
कुंपणालगतच्या ओळीसाठी पिवळं, अर्धा पेला,
आणि मूठभर नांत,
कारण ऑगस्टमध्ये मुलं येतील म्हणतात.
घासाघीस केली नाही. तिला तेच खटकलं.

घरी येऊन टेबलावर पुड्या सोडल्या,
तीन बशा मांडल्या, चिठ्ठ्या लिहायला पेन शोधलं.
तेवढ्यात फोन. बोलले, परत आले.
मांजर टेबलावरून उतरत होतं.
कुठली बशी कुठली?
गाजराचं बी सगळं सारखं,
बडीशेपेची केसाळ धाकटी बहीण.
वास घेतला. तिन्हींना तोच.
जास्त असलेलं लांब लाल असणार, असा हिशेब करायला गेले
तर मांजराने तो हिशेबही फरशीवर सांडलेला.

गाजराची पुंगी. सगळं एकत्र केलं,
राखेत मिसळलं आणि मार्चमध्ये पेरून टाकलं.

आज विरळणी.
पहिलं उपटलेलं रोप, मुळी धाग्याएवढी,
गाऊनला पुसून तिथेच चावलं.
उदिलजान कुंपणावरून ओरडला,
'कुठलं निघालं? लाल की पिवळं?'

पांढरं, म्हटलं.